ॲप्लिकची कड वळवताना

ॲप्लिकच्या, म्हणजे पायाच्या कापडावर कापडाचे आकार शिवून केलेल्या, गोधडीतले फूल बेढब दिसले की आपण टाक्यांना दोष देतो. पाकळीचे टोक बोथट झालेले असते, बदामाच्या खाचेतून दशा डोकावत असतात, गोल म्हणून कापलेला तुकडा शिवल्यावर कोनाकोनांचा दिसतो. मग आपण आणखी बारीक सुई आणि आणखी बारीक टाका यांच्या मागे लागतो. पण टाका पडायच्या आधीच बरेच काही ठरून गेलेले असते. मुडपण्यासाठी माया (रेघेबाहेरचे जादा कापड) किती ठेवली, कापड कोणते घेतले, ते धाग्याच्या कोणत्या दिशेला कापले आणि एका वेळी किती कड मुडपली, यावर कडेचा सफाईदारपणा अवलंबून असतो. मुडपलेली कड जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच टाक्याचे काम.

आपल्याकडच्या गोधडीत ठिगळाची कड बोटांनीच मुडपतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच. यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणले होते. आज यांच्यातल्या कित्येक घरांत कोकणी आणि मराठी बोलली जाते. कवंदी कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे जाते. वापरलेल्या कपड्याचा तुकडा ठेवायचा, त्याची कड बोटाने आत घालायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत पुढे जायचे. रेघ नाही, साचा नाही, इस्त्री नाही. ही पद्धत इतकी सहज चालते याचे कारण तुकडे बहुतेक सरळ कडांचे असतात आणि कापड धुऊन धुऊन मऊ झालेले असते. सरळ कड आणि मऊ कापड असेल तर तुम्हालाही दुसऱ्या कोणत्या युक्तीची गरज नाही. चौकोन, त्रिकोण, पट्ट्या बोटाने मुडपा आणि शिवा.

प्रश्न येतो तो वळणांचा. अमेरिकेत १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर शहरातल्या बायकांनी फुलांचे हार, टोपल्या, पक्षी असलेल्या ज्या ‘आल्बम’ गोधड्या केल्या, किंवा हवाई बेटांवर कापडाची आठपदरी घडी घालून एकाच कापात जी भलीमोठी नक्षी काढतात, त्यांत सरळ रेघ शोधूनही सापडत नाही. अशा नक्षीची कड वळवण्याच्या पद्धती वेगळ्या, आणि हा लेख त्यांच्याविषयी आहे.

आधी कापड

दाट विणीचे, मऊ, शंभर टक्के सुती कापड घ्या. केंब्रिक, चांगले पॉपलिन, ब्लाऊजसाठी मिळणारे टू बाय टू, विरळ नसलेली जुनी सुती साडी, हे सगळे चालते. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावर नखाने घडी पाडली तरी ती क्षणात उघडते, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जाड खादी आणि हातमागाचे सैल विणीचे कापड सुंदर दिसते, पण त्याच्या दशा लवकर निघतात; ते मोठ्या, सौम्य वळणांच्या आकारांसाठी राखून ठेवा. जुन्या साडीचा तुकडा घेताना तो उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणा. कुठे विरलेला दिसला किंवा करकरला, तर तो भाग सोडून द्या. मुडपलेल्या कडेवर झीज सगळ्यांत आधी येते.

नवे कापड धुऊनच वापरा. लाल, गडद निळा, गडद हिरवा हे रंग पांढऱ्या कापडावर लावायचे असतील तर एक चिंधी ओली करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. रंग सुटत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तरीही सुटत राहिला तर ते कापड या कामाला नको.

धाग्याच्या दिशेचा विचार फार कमी जण करतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेल्या कडेच्या दशा निघतात. तिरक्या धाग्यावर कापलेल्या कडेच्या सहसा निघत नाहीत, शिवाय ती कड ताणून वळणाला बसते. म्हणून पान कापताना त्याची मधली शीर कापडाच्या तिरप्या दिशेला ठेवा. पानाच्या दोन्ही लांब कडा आपोआप सोप्या होतात. बदामाची मधली खाच कापडाच्या ४५ अंशाच्या तिरप्या रेषेवर आली तर तिथला त्रास निम्म्याने कमी होतो. साचा कापडावर फिरवून पाहण्यात अर्धे मिनिट जाते. छापील कापडाची नक्षी सरळ दिसावी म्हणून हा फायदा सोडू नका, निदान सुरुवातीची काही कामे तरी.

माया किती?

शिवणकामात पाव इंच माया ठेवायची सवय हाताला असते. ॲप्लिकला ती जास्त होते. पाव इंच कापड लहान वळणाच्या आत गेले की त्याला पसरायला जागा मिळत नाही. ते चुण्या पाडते आणि प्रत्येक चुणीचे टोक बाहेरून कोनासारखे दिसते. याउलट सगळीकडेच दोन-तीन मिलिमीटर माया ठेवली तर ती आत टिकत नाही, बाहेर निसटते. माझे माप दीड सूत, म्हणजे ५ मिलिमीटरच्या जरा आतले. लहान गोलाई आली की तिथे पोहोचल्यावर ती छाटून ३ मिलिमीटर करायची. सैल विणीच्या कापडाला आधी ७-८ मिलिमीटर ठेवा आणि शिवत जाल तशी छाटा. सगळी माया एकदम बारीक कापून ठेवू नका. हाताळताना तिच्या दशा निघतात आणि ऐन वेळी हातात काही उरत नाही.

जी कड दुसऱ्या तुकड्याखाली झाकली जाणार आहे ती मुडपायचीच नाही. देठाचे वरचे टोक फुलाखाली जाते, पानाचे बूड देठाखाली जाते. तिथे कच्ची कड ५-६ मिलिमीटर आत सपाट राहू द्या. मुडपली तर वरच्या फुलावर उंचवटा उठतो आणि पुढे गोधडीचे टाके घालताना सुई अडते.

सुईने कड वळवणे

ही मूळ पद्धत. ती आली की बाकीच्या पद्धती सोयीसाठी वापरता येतात. ती न येता इतर सगळ्या शिकल्या तरी अवघड खाचेपाशी हात अडतोच.

नक्षीची रेघ कापडाच्या सुलट बाजूवर काढा. गडद कापडावर पांढरी पेन्सिल, फिक्या कापडावर टोकदार पेन्सिलची अगदी हलकी रेघ. जाड खडू नको, कारण रेघेच्या जाडीइतकी चूक कडेत उतरते. रेघेबाहेर माया सोडून तुकडा कापा, पायाच्या कापडावर ठेवा आणि कच्च्या दोऱ्याने टाचून घ्या. हा कच्चा दोरा रेघेपासून किमान ६-७ मिलिमीटर आत असावा. रेघेच्या जवळ टाचले तर माया आत जायला जागाच राहत नाही, आणि मग कड वळत का नाही हे कळत नाही. टाचण्याही चालतील, पण त्या पायाच्या कापडाच्या मागच्या बाजूने लावा, म्हणजे दोरा अडकणार नाही.

सुई लांब आणि बारीक हवी, १० किंवा ११ नंबरची. दोरा नक्षीच्या तुकड्याच्या रंगाचा, पायाच्या कापडाच्या नव्हे. अगदी तोच रंग न मिळाल्यास किंचित गडद घ्या. एकेरी दोरा, हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून लांब दोरा कापडातून जाऊन जाऊन झिजतो आणि गुंततो.

सुरुवात टोकावर किंवा खाचेत कधीच करू नका. जिथे कड जवळजवळ सरळ आहे तिथे करा. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी कड आपल्याकडे धरून उजवीकडून डावीकडे जायचे, डावखुऱ्यांनी उलट. सुईच्या टोकाने माया आत ढकला, रेघ दिसेनाशी होईपर्यंत, आणि लगेच डाव्या अंगठ्याने ती घडी दाबून धरा. गाठ घडीच्या आत लपवा. सुई घडीच्या अगदी कडेतून वर काढा, एक-दोन धागे पकडून. मग बरोबर समोर पायाच्या कापडात खाली घाला, कडेच्या किंचित खाली, आणि मागून २ मिलिमीटर पुढे जाऊन पुन्हा घडीच्या कडेतून वर काढा. सुई समोर न घालता पुढे घातली तर टाका तिरका पडून दिसतो. तीन-चार टाक्यांनी दोरा हलकेच ओढा. टाके घडीत बुडतात. जास्त ओढल्यास पायाचे कापड सुरकुतते, तेव्हा हाताला अंदाज येऊ द्या.

सरळ कडेवर बोटाच्या पेराएवढी माया एकदम मुडपली तरी चालते. वळणावर मात्र पुढच्या दोन टाक्यांपुरतीच मुडपा. कोनाकोनांची गोलाई होण्याचे कारण बहुधा हेच असते: पुढचे एकदम मुडपण्याची घाई. तरीही कोन दिसलाच तर टाका उसवायच्या आधी सुई घडीच्या आत घाला आणि आतली चुणी पंख्यासारखी पसरा. बाहेर फुगीर असलेल्या वळणाच्या मायेला कट देऊ नका. प्रत्येक कटापाशी कड मोडते आणि तिथेच कोन दिसतो. कट लागतात ते आत वळणाऱ्या भागाला, कारण तिथली कापलेली कड आतल्या रेघेपेक्षा लांबीने कमी असते आणि ती पसरल्याशिवाय वळणारच नाही. रेघेला काटकोनात, ५-६ मिलिमीटरच्या अंतराने, रेघेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबणारे छोटे कट द्या. ती बाजू तिरक्या धाग्यावर आली असेल तर निम्मे कट पुरतात, कधी एकही लागत नाही.

खाच आली की सावकाश. बदामाच्या मधोमध किंवा दोन पाकळ्यांच्या मध्ये एकच कट, सरळ खाली, रेघेच्या एक धागा अलीकडेपर्यंत. हा कट आधी देऊन ठेवू नका. शिवत शिवत खाचेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर पोहोचलात की द्या. मग पलीकडच्या बाजूची माया सुईने आत घ्या आणि सुई खाचेच्या तळातून आपल्याकडे गोल फिरवत आणा. तळाशी माया जवळजवळ नसतेच, म्हणून तिथे सुईपेक्षा ओला केलेला लाकडी टूथपिक चांगला. त्याच्या खरखरीत अंगाला कापडाचे धागे चिकटतात आणि मोकळे सुटलेले धागेही बरोबर आत जातात. दशा फारच निघत असतील तर टूथपिकच्या टोकावर कागदाला लावायच्या गोंदाच्या कांडीचा कणभर गोंद घ्या. धुतल्यावर तो निघून जातो. तळाशी दोन-तीन टाके जवळजवळ घाला आणि मधला टाका घडीच्या जरा आतून, तीन-चार धागे पकडून घ्या. या एकाच जागी टाका थोडा दिसला तरी हरकत नाही. तिथून दशा निघण्यापेक्षा ते बरे.

बाहेरचे टोक, म्हणजे पानाचे अग्र, खाचेच्या उलट. तिथे कापड कमी नसून जास्त असते. पहिली बाजू रेघेच्या टोकापर्यंत शिवा, थेट टोकापर्यंत, आणि अगदी टोकावर एक टाका दुबार घ्या. आता आत गेलेली माया दुसऱ्या बाजूने कानासारखी बाहेर आलेली दिसेल. तेवढा कान छाटून टाका. मग टोकाची माया आडवी आत मुडपा आणि त्यानंतर दुसरी बाजू. टोक आत गेल्यावर दोरा पानाच्या अग्राच्या दिशेने, बाहेर, हलकेच ओढला की लपलेला एखादा मिलिमीटर वर येतो आणि टोक तासल्यासारखे दिसते. फार निमुळत्या टोकाचा हट्ट मात्र सोडा. जाडसर कापडाचे तीन थर एका बिंदूत मावत नाहीत. तिथे साचाच थोडा रुंद करावा.

मागून टाचण्याची पद्धत

सुलट बाजूवर रेघ काढणे ज्यांना नकोसे वाटते त्यांच्यासाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठीच, ही पद्धत मला सर्वांत आवडते. नक्षी पायाच्या कापडाच्या उलट बाजूवर काढायची, आरशात दिसते तशी उलटी. सुलट बाजूवर, त्या आकाराच्या जागी, रंगीत कापडाचा मोठासा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवायचा. कापड उलटे करून, मागच्या रेघेवरून, जाड दोऱ्याने बारीक धावदोरा घालायचा. भरतकामाचा सुती दोरा आणि ७ नंबरची सुई याला योग्य. आता पुढच्या बाजूला धावदोऱ्यानेच आकार उमटलेला दिसतो. त्याच्याबाहेर ५ मिलिमीटर माया सोडून जास्तीचे कापड छाटा. खालचे कापड कात्रीत येणार नाही याची काळजी घ्या.

हे काम रात्रभर तसेच राहू दिले तर आणखी चांगले. मग शिवायला सुरुवात करताना दोन सेंटिमीटरचा धावदोरा उसवा. जाड सुईची छिद्रे कापडात राहिलेली असतात, आणि कागदावर टोचून ठेवल्याप्रमाणे कड त्या छिद्रांवरच दुमडते. घडी नेमक्या रेघेवर पडते, खालच्या कापडावरची छिद्रे ती कुठे बसवायची हे दाखवतात, आणि साचा कापायचा, तुकडे जुळवायचे काम उरत नाही. शिवाल तसा थोडा थोडा धावदोरा काढत जा. अनेक तुकड्यांची नक्षी असेल तर सगळ्यांत मागचा तुकडा आधी आणि वरचे नंतर, हा क्रम सुरुवातीलाच रेघांवर आकडे घालून ठरवा.

खळ, इस्त्री आणि साचा

एकाच मापाची वीस फुले किंवा द्राक्षांचे गोल करायचे असतील तर कड आधीच वळवून ठेवणे शहाणपणाचे. जाड कागदाचा, इस्त्रीची उष्णता सोसणारा साचा पूर्ण झालेल्या आकाराच्या मापाने कापा. त्याच्या कडा बारीक सॅंडपेपरने घासून गुळगुळीत करा, कारण साच्याची प्रत्येक खोच कडेत उतरते. तुकड्याला ६ मिलिमीटर माया ठेवा. साचा उलट बाजूवर ठेवून मायेवर छोट्या ब्रशने खळ लावा. सुती साड्यांना घालतो तीच भाताची किंवा साबुदाण्याची खळ, गाळून, पातळ करून. इस्त्रीच्या टोकाने, वाफ न देता, माया साच्यावर दुमडून वाळेपर्यंत दाबा. थंड झाल्यावरच साचा काढा. गरम असताना काढला तर कड उघडते.

गोलासाठी मायेत कडेपासून ३ मिलिमीटरवर बारीक धावदोरा घाला, साचा आत ठेवा आणि दोरा ओढा. कापड साच्याभोवती एकसारखे आवळते. खळ लावून इस्त्री करा, थंड होऊ द्या, दोरा थोडा सैल करून साचा काढा, आणि दोरा पुन्हा हलकेच ओढून घ्या. सुईने वळवून असा नेमका गोल करणे अनुभवी हातालाही कठीण जाते, म्हणून गोलांसाठी मी हीच पद्धत सुचवते. फक्त खळीचे कापड न धुता कपाटात ठेवू नका. तिला कीड लागते. गोधडी पूर्ण झाली की धुवाच.

अस्तर लावून उलटवणे

लहान मुलांच्या दुपट्यावर हत्ती, मासा असे मोठे, ढोबळ आकार मशीनवर करायचे असतील तर ही पद्धत झटपट होते. नक्षीचे कापड आणि पातळ अस्तर सुलट बाजू आत ठेवून जोडा, रेघेवरून सगळीकडून बारीक टीप मारा, माया ३-४ मिलिमीटर ठेवून छाटा, खाचांत कट द्या. मग फक्त अस्तराला मधोमध छेद देऊन तुकडा उलटवा आणि बोथट काडीने कडा बाहेर काढा. इस्त्रीने चिकटणारे अस्तर वापरत असाल तर त्याची गोंदाची, खरखरीत बाजू नक्षीच्या कापडाच्या सुलट बाजूला लागून असावी. म्हणजे उलटवल्यावर गोंद मागे येतो आणि तुकडा पायाच्या कापडावर इस्त्रीनेच बसतो. कडेला अस्तर डोकावू नये म्हणून इस्त्री करताना नक्षीचे कापड केसभर मागे वळवून घ्या. बारीक देठ, टोकदार पाने यांना ही पद्धत नको. जाडी वाढते आणि टोके गोल होतात.

देठ

देठासाठी कापड तिरक्या धाग्यावरच कापा. २ सेंटिमीटरची पट्टी लांबीत तीन घड्यांत मुडपली की ६ मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा देठ होतो. कच्ची कड मागे, कडेच्या किंचित आत राहील अशी घडी घाला आणि कच्च्या दोऱ्याने टाचा. वळणदार देठाची आतली, म्हणजे लहान बाजू आधी शिवा. मग बाहेरची बाजू ताणून वळणाला बसते. उलट क्रमाने शिवले तर आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत.

शिवून झाल्यावर

गडद पायावर फिके फूल लावले असेल तर खालचा गडद रंग फुलातून दिसतो. अशा वेळी, आणि थर फार झाले असतील तेव्हाही, मागून पायाचे कापड फुलाच्या टाक्यांच्या ६ मिलिमीटर आत कापून काढता येते. कात्रीचे टोक वर उचलून, दोन्ही थर बोटांनी वेगळे करूनच कापा. ज्या गोधडीला रोज अंगावर यायचे आहे, वारंवार धुतली जायची आहे, तिचे मात्र मागचे कापड कापू नये असे माझे मत आहे. ते काढले की सगळा भार त्या बारीक टाक्यांवर येतो.

कच्चे दोरे काढा. जाड टॉवेल पसरून त्यावर काम पालथे घाला आणि उलट बाजूने इस्त्री करा, म्हणजे मुडपलेल्या कडांचा उठाव दबत नाही आणि मायेचे ठसे पुढे उमटत नाहीत. गोधडीचे थर जोडल्यावर पहिला धावदोरा प्रत्येक आकाराच्या भोवती, कडेला लागून, पायाच्या कापडातून घाला, आणि मग बाकीचे टाके भरायला घ्या.